तळ्याचं मधलं पाणी

बी.ए. झाल्यावर काळा झगा घालून फोटो काढायचा असतो, हे मला कलकत्त्याला आल्यावर कळलं. आमच्या घरातला आणि आमच्या गावातलाही पहिला बी.ए. मीच, त्यामुळे असल्या गोष्टी सांगणारं कोणी नव्हतं. पदवी पोस्टाने आली, वडिलांनी ती देवापुढे ठेवून तिला हळदकुंकू वाहिलं, आणि मी केंद्र सरकारच्या एका कचेरीत नोकरी लागून वळकटीसकट हावड्याला उतरलो. वर्षभराने आईने शेजाऱ्याकडून लिहवून घेतलेलं पत्र आलं. मामलेदारांच्या परगावच्या भाच्याचा झग्यातला फोटो तिने पाहिला होता. ‘तुझा का नाही? झगा मिळाला नाही का?’

मी भवानीपुरात एका मराठी कुटुंबात गच्चीवरच्या खोलीत राहत होतो. घरच्या काकूंचा जन्म कलकत्त्याचा, आणि त्यांच्या सासऱ्यांचाही. त्या पोह्यांत कोथिंबीर घालत, पण पोह्यांना अधूनमधून चिडे म्हणत. त्यांनी मला बागबाजारातला एक स्टुडिओ सांगितला. “आमच्या घरातली सगळी लग्नं, सगळ्या मुंजी तिथेच भिंतीवर लागल्यात. झगा पण देतात ते. टोपीसकट.”

स्टुडिओ दुसऱ्या मजल्यावर होता. उत्तरेकडचं अर्धं छप्पर काचेचं, त्याखाली दोरीने सरकणारे पांढरे पडदे. विजेचा दिवा नावालाही नव्हता, जे काय ते आभाळातून येणाऱ्या उजेडावर. फोटो काढणारे आणि मागचा पडदा रंगवणारे गृहस्थ एकच, पन्नाशीचे, धोतराचा सोगा खिशात खोचलेले. सगळे त्यांना दादा म्हणत, मीही म्हणू लागलो. त्यांनी माझ्यामागे एक पडदा सोडला. त्याला ते सीन म्हणत. सीनवर तळं होतं आणि तळ्यापलीकडे डोंगर. मी तो पाहिला आणि पाहतच राहिलो. वर्षभर मी सपाट मुलखात राहिलो होतो. डोंगर पाहायला मिळाला नाही तर माणसाला काही होतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

“नोडबेन ना!” दादा कॅमेऱ्यावरच्या काळ्या कापडातून ओरडले. हलू नका, असा त्याचा अर्थ. मी पुढे पाहिलं, आणि त्यांनी टोपण काढताच पुन्हा मागे वळलो.

फोटोची तिसरी काच फुकट गेल्यावर ते कापडातून बाहेर आले. “मोशाय, आपण पुढे बघा. डोंगर कापडाचा आहे, तो पळून कुठे जाणार?”

“हा तुम्ही काढला?”

“नाही, ब्रह्मदेवाने काढला, मी फक्त खिळा मारला.”

फोटो घरी गेला. वडिलांचं उत्तर आलं: ‘फोटो पोचला. अंगाने भरला आहेस. मागे तळे व डोंगर दिसतो. कलकत्त्यास डोंगर असल्याचे हेडमास्तरांस ठाऊक नाही. त्यांनी खुलासा मागितला आहे.’

हेडमास्तरांनी, म्हणजे आमच्या सरांनी, खुलासा मागणं साहजिक होतं. ते हायस्कुलात भूगोल शिकवायचे. माझी फी माफ करून घेण्यासाठी ते संस्थेच्या कचेरीत चारदा चालत गेले होते, आणि मी कॉलेजला निघालो तेव्हा मला स्वतःची घोंगडी आणि स्वतःचा नकाशासंग्रह देऊन ते मोकळे झाले होते. मी जो काही होतो तो त्यांच्यामुळे होतो. त्यांच्यापुढे कच्चं दिसायचं नाही, ही माझी तेव्हाची एकुलती एक महत्त्वाकांक्षा. मी तत्परतेने खुलासा केला: डोंगर पडद्यावरचा आहे. आणि तेवढ्यावर थांबायचं सोडून पुढे लिहिलं: ‘मीही सध्या येथील एका नामांकित चित्रकाराकडे तैलरंगात निसर्गचित्रे शिकत आहे.’

शिकत होतो हे खरं होतं. दर रविवारी मी ट्रामने बागबाजारला जात होतो. खोटा काय तो ‘नामांकित’ हा शब्द.

दादांनी मला शिष्य करून घेतलं ते शिव्या देतच. मी मराठी आहे हे कळल्यावर त्यांनी मला ‘बर्गी’ हे नाव ठेवलं. बंगालात पूर्वी मराठी घोडेस्वारांच्या नावाने मुलांना झोपवत, तो हा शब्द. मी जिना चढलो की ते ओरडत, “बर्गी आला! ब्रश लपवा!” आणि मग आल्यागेल्या गिऱ्हाइकाला समजावून सांगत, “यांच्या लोकांना अडवायला आमच्या पूर्वजांनी इथेच खंदक खणला. एवढे कष्ट केले. हा ट्रामने आला.”

शिकवण त्यांची कडक होती. मांजरपाट चौकटीवर ताणायचा, त्यावर सरस लावायचा, वर पांढऱ्याचे दोन हात द्यायचे. रंग जवसाच्या तेलात घोटायचा. याचा मला मोठा त्रास झाला. जवस म्हणजे माझ्या लेखी चटणी. दादा तेलाची बाटली उघडत आणि मला भाकरीची आठवण होई. अर्धा डोंगर झाला की मी विचारी, “दादा, जवळपास काही खायला?”

त्यांचे नियम मी वहीत लिहून घेतले होते. लांबचा डोंगर फिका, जवळचा गडद. डोळे अर्धे मिटून पाहावं. कडेला झाड, झाडाची पानं मोजता येतील अशी. आणि सगळ्यांत मोठा नियम, ज्याखाली मी दोन रेघा ओढल्या होत्या: मधलं पाणी गप्प ठेवावं. मध्ये काही घालू नये. कडेला हवी ती करामत करा, मध्ये फक्त उजेड. “मध्ये गडबड केली की चित्र मेलं,” दादा म्हणत. मला तो फार खोल विचार वाटला. ट्राममध्ये उभा राहून मी त्यावर मनन करीत असे.

अशात सरांचं पत्र आलं. हायस्कूलला नवीन सभागृह होत होतं. समोरच्या भिंतीवर आपलं गावचं तळं आणि मागचा डोंगर तैलरंगात हवा, सहा फूट लांब, चार फूट उंच. ‘तू नामांकित चित्रकाराच्या हाताखाली तयार होत आहेस, हे मी समितीस सांगितले. अध्यक्षांस शंका होती. मी शब्द दिला आहे.’

ते वाक्य मी तीनदा वाचलं. सरांनी माझ्यासाठी शब्द टाकला होता, आणि माझ्या हाताला अजून चित्रातल्या झाडाचं खोड सरळ येत नव्हतं.

चित्र मी गच्चीवरच्या खोलीत सुरू केलं, आषाढात, हा पहिला मूर्खपणा. कलकत्त्याच्या त्या दिवसांत टॉवेल वाळत नाही, तिथे जवसाचं तेल कुठून वाळणार? चित्रातलं आभाळ तीन आठवडे ओलं राहिलं. त्यात चिलटं येऊन बसली ती कायमचीच. मी एकेक चिमट्याने काढू लागलो. काकू म्हणाल्या, “राहू देत की. लांबून बगळे वाटतात.”

दुर्गापूजेच्या सुट्टीनंतर हवा कोरडी झाली आणि हातही जरा बसला. डोंगर आठवणीतून उतरत गेला. त्याचा सपाट माथा, डावीकडची घळ, घळीतली करवंदीची जाळी, हे मला डोळे मिटूनही दिसत होतं. डावीकडे वड, उजवीकडे घाटाच्या पायऱ्या. मध्ये, नियमाप्रमाणे, गप्प पाणी. दादा एकदा भवानीपूरला येऊन पाहून गेले आणि म्हणाले, “बर्गी, या सीनपुढे मी गव्हर्नरला उभा करीन.” मी त्यांच्या पाया पडलो.

मग मी काकूंना वर बोलावलं. त्या कंबरेवर हात ठेवून बराच वेळ पाहत राहिल्या.

“सुंदर झालंय हो. अगदी सुंदर,” त्या म्हणाल्या. “पण मध्ये कोण उभं राहणार?”

“कुठे मध्ये?”

“अहो, इथे. आमच्या लग्नाच्या फोटोत मी इथे बसले आणि हे इथे उभे. मुंजीच्या फोटोत इथे बटू. एवढी जागा सोडलीत ती कुणासाठी?”

मी चित्राकडे पाहिलं. वड होता, घाट होता, डोंगर होता, आणि बरोबर मधोमध एका सुखी जोडप्याला पुरेल इतकी रिकामी जागा होती. ज्या नियमावर मी चार महिने मनन केलं, तो एवढाच होता.

मी तसाच ट्राम पकडून बागबाजारला गेलो. “दादा, मधलं पाणी गप्प का ठेवायचं?”

“का म्हणजे? तिथे गिऱ्हाईक असतं.”

“पण माझ्या चित्रापुढे गिऱ्हाईक नाही! ते भिंतीवर लागणार आहे. नुसतं.”

“नुसतं?” दादांनी ब्रश खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर मी प्रथमच गोंधळ पाहिला. “म्हणजे लोक तळंच बघणार?”

“हो.”

“मग मध्ये काय घालायचं?”

“ते तुम्ही सांगा. तीस वर्षं तळी काढताय.”

“कडा काढतोय,” दादा म्हणाले. “मधलं मी कधी पाहिलंच नाही.”

त्यातून ठरलं, की जाऊन पाहायचं. पुढच्या रविवारी सकाळी आम्ही दोघं ढाकुरियाच्या तळ्यावर गेलो. दादांनी शाल, कानटोपी, छत्री आणि दोन उकडलेली अंडी असा बंदोबस्त आणला होता. तळं बघून ते काठावर थबकलेच. “एवढं मोठं असतं?” असं ते खरोखर म्हणाले.

आम्ही बाकावर बसलो. सूर्य झाडांच्या वर आला आणि पाणी पेटल्यासारखं झालं. दादांनी घाईने रंगांच्या पाटीवर पिवळा आणि पांढरा मिसळला. मान वर करेपर्यंत पाणी रुपेरी. रुपेरी मिसळला, तोवर वारा सुटून सगळ्याचे तुकडे. तीस वर्षं उत्तरेच्या काचेखाली, जिथे उजेडसुद्धा हळू पावलांनी चालतो, तिथे काम केलेल्या माणसाला हा पोरखेळ सहन होईना. त्यांनी सूर्याकडे ब्रश रोखला आणि सवयीने गरजले, “नोडबेन ना!”

समोरून फिरायला निघालेले एक जाडजूड गृहस्थ जागच्या जागी थांबले. एक पाय पुढे, काठी अधांतरी. बराच वेळ हलले नाहीत. शेवटी दादांनीच त्यांना “आपण चला,” म्हणून सोडलं.

पण दोन-तीन रविवारांत आम्हाला मधलं पाणी थोडं कळलं. पाण्याला स्वतःचा रंग फारसा नसतो. मध्ये आभाळ असतं, आणि पलीकडच्या काठाचं सगळं उलटं. वाऱ्याने ते मोडतं, ते मोडलेलंही काढावं लागतं. माझ्या चित्रात उलटा डोंगर हवा होता आणि तो पाहायला डोंगरच नव्हता. मग आम्ही तळ्याकाठच्या एका तीन मजली घराची पडछाया बघून हिशेब केला. म्हणजे आमच्या गावचा डोंगर पाण्यात पडला आहे तो ढाकुरियाच्या एका वकिलाच्या घराच्या बेताने.

“अजून काहीतरी हवं,” दादा म्हणाले. “तुमच्या तळ्याच्या मध्ये काय असतं?”

मी आठवून पाहिलं. “म्हशी.”

“छी छी! राजहंस घाला.”

“आमच्या तळ्यात राजहंस नाहीत.”

“माझ्या तळ्यात आहेत. तीस वर्षं आहेत. कोणाची तक्रार नाही.”

“दादा, सर भूगोल शिकवतात.”

यावर ते नमले. रेल्वेलाइनच्या पलीकडे बिहारी गवळ्यांचा खटाल होता, म्हशींचा गोठा, शेजारी हिरवट डबकं. आम्ही तिथे उभे राहून टक लावून म्हशी पाहू लागलो तेव्हा गवळ्याला आम्ही गिऱ्हाईक वाटलो. चित्रासाठी पाहतोय म्हटल्यावर त्याला फारच आनंद झाला. त्याने पाण्यात बसलेली एक म्हैस उठवली, खळखळून धुतली, कपाळाला तेल लावलं आणि आमच्यासमोर आणून उभी केली.

“नाही रे बाबा, तिला पाण्यातच बसू दे,” मी म्हणालो.

“पाण्यात तिचं अर्धं अंग दिसत नाही, बाबू. ती पूर्ण काढा.”

दादा तोवर पुढे झाले होते. त्यांनी दोन बोटांनी म्हशीची हनुवटी किंचित डावीकडे वळवली, दोन पावलं मागे येऊन पाहिलं, पुन्हा जाऊन किंचित वर केली. म्हैस त्यांच्या हातचं मुकाट्याने ऐकत होती. “फार समजूतदार आहे,” ते मला म्हणाले. “तुझ्यापेक्षा बरी बसते.”

माघात चित्र पुरं झालं. मधल्या पाण्यात पाच म्हशी, नाकं आणि शिंगं तेवढी वर. चैत्रात मी रजा काढली, कापड चौकटीवरून सोडवून, रंगाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळलं, जुन्या साडीत शिवलं आणि नागपूरमार्गे घरी नेलं.

सरांनी ते शाळेच्या वऱ्हांड्यात उलगडलं. चष्मा पुसला. मी शाळेतल्यासारखा हात मागे बांधून उभा होतो.

“सकाळचे नऊ,” सर म्हणाले.

“काय, सर?”

“वेळ. वडाची सावली घाटाच्या तिसऱ्या पायरीवर आहे. सकाळचे नऊ वाजलेत.” मग आत जाऊन त्यांनी एक कागद आणला. उद्याच्या समारंभातलं त्यांचं भाषण होतं, नेहमीच्या सुबक अक्षरात. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, ‘कलकत्त्याच्या एका नामांकित चित्रकाराचा हा शिष्य.’

ते नऊ वाजलेले नसते तर मी कदाचित गप्प बसलो असतो. पण ज्याने सावलीवरून वेळ ओळखली त्याच्यापुढे ती ओळ मला वाचवेना.

“सर, ते नामांकित नाहीत.”

“कोण?”

“चित्रकार. फोटो स्टुडिओतले पडदे रंगवतात. मी पत्रात वाढवून लिहिलं होतं.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. “किती वाढवून?”

“एक शब्द.”

“बाकीचं?”

“बाकीचं खरं आहे.”

त्यांनी खिशातलं लाल शाईचं पेन काढलं, माझ्या निबंधांवर मारत तशी एक रेघ त्या शब्दावर मारली आणि भाषण घडी करून खिशात ठेवलं. “यापुढे आहे तेवढंच लिहीत जा,” म्हणाले. दुसऱ्या दिवशी सभेत त्यांनी सांगितलं, की याचे गुरू कलकत्त्यात पडदे रंगवतात, आणि त्यांची तळी शेकडो घरांत माणसांच्या पाठीमागे उभी आहेत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला तोंड वर करायला धीर झाला नाही.

समारंभानंतर समितीचा फोटो निघाला. सभागृहात उजेड पुरत नाही म्हणून तालुक्याच्या फोटोग्राफरने चित्र अंगणात आणून दोन बाकांवर उभं करवलं, आणि त्यापुढे खुर्च्या मांडल्या. मधल्या खुर्चीत अध्यक्ष, डोक्याला रुमाल बांधून, काठी धरून. मी त्या वेळी आनंदात होतो. माझ्या डोक्यात काहीच आलं नाही. दादा असते तर तिथेच किंचाळले असते.

आठ दिवसांनी फोटो आला. सर, अध्यक्ष आणि मी सभागृहात उभे होतो. अध्यक्षांनी पाकीट फोडलं, फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. त्यांच्या रुमालाच्या दोन्ही बाजूंनी भरदार शिंगं वर आली होती.

“हे काय आहे?”

“म्हैस,” सर म्हणाले.

“माझ्या डोक्यावर?”

“मागे आहे, अण्णासाहेब. पाण्यात आहे.”

“पुसून टाका! आजच्या आज. पाणीच काढा तिथे नुसतं. म्हशी कसल्या काढता? तळं काय म्हशींसाठी...” बोलता बोलता ते फोटो हातात घेऊन तरातरा चित्राकडे गेले, कोणती म्हैस ती पाहायला. मी मागोमाग. सात महिन्यांचं काम माझ्या डोळ्यांपुढे पांढरं होत होतं. अध्यक्ष चित्राला नाक लागेल इतके वाकले, आणि तसेच वाकून राहिले.

“हिचं डावं शिंग वाकडं आहे,” ते म्हणाले.

मला ते सरळ काढता आलं नव्हतं, एवढंच.

“अहो, ही आमची. परवाच्या दिवाळीत गेली ती. अशीच बरोबर मध्ये जाऊन बसायची, चार वाजेपर्यंत हलायची नाही. आईला हाका मारून मारून घसा बसायचा.” त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. आवाज एकदम उतरला होता. “आमचीच काढलीस ना रे?”

मी सरांकडे पाहिलं. सर नव्या छताच्या तुळया मोजत होते. बारकाईने, एकेक करून.

“तुमचीच,” मी म्हणालो.

अध्यक्षांनी फोटो खिशात घातला. शिपायाला हाक मारली आणि चित्र वीतभर खाली घ्यायला सांगितलं. एवढ्या उंचावर त्यांच्या आईला ते नीट दिसलं नसतं.